सर्टिफिकेट नवीन घातलं तरी ‘नॉट सिक्युअर’ परत परत का येतं, आणि नेमकं कुठलं सर्टिफिकेट घ्यायचं

साइटवर सर्टिफिकेट आहे, म्हणजे हे डोमेन आपलंच आहे हे ब्राउझरला पटवणारी एसएसएल/टीएलएसची फाइल, काल रात्रीपर्यंत सगळं व्यवस्थित चालू होतं आणि सकाळी उघडून बघावं तर स्क्रीनभर वॉर्निंग, तुमचं कनेक्शन प्रायव्हेट नाही. मग धावाधाव करून सर्टिफिकेट रिन्यू करायचं, वॉर्निंग जाते, दोन-तीन महिने कोणी त्याचं नावही काढत नाही आणि एक दिवस परत तेच. हा प्रॉब्लेम इतक्या जणांना येतो आणि त्यावर मिळणारा सल्ला इतका चुकीचा असतो की एकदा सगळं सविस्तर लिहायला घेतलं.

चुकीचा सल्ला म्हणजे हा, की फुकटचं सर्टिफिकेट आहे ना म्हणून असं होतं, पैसे भरून चांगलं घ्या. लोक घेतातही. नव्याची मुदत थोडी जास्त असते म्हणून प्रॉब्लेम जरा उशिरा परत येतो, एवढाच काय तो फरक पडतो. वॉर्निंग परत परत येत असेल तर बहुतेक वेळा कारण सर्टिफिकेटच्या प्रकारात नसतं, ते आणायच्या, बसवायच्या आणि रिन्यू करायच्या पद्धतीत असतं. प्रकार कुठला घ्यायचा हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तरही खाली दिलंय, पण आधी वॉर्निंग कशामुळे येतेय ते शोधा, नाहीतर पैसे जातील आणि वॉर्निंग तिथेच राहील.

आधी एरर नीट वाचा

वॉर्निंग दिसली की बहुतेक जण घाबरून बंद करतात, पण त्याच पानावर खाली बारीक अक्षरात एक कोड लिहिलेला असतो आणि अर्धं उत्तर त्यातच असतं. क्रोममध्ये हे तीन कोड सगळ्यात जास्त दिसतात. ‘सर्ट डेट इनव्हॅलिड’ म्हणजे तारखेचा घोळ, ‘सर्ट कॉमन नेम इनव्हॅलिड’ म्हणजे नावाचा घोळ, आणि ‘सर्ट ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ म्हणजे सर्टिफिकेट कोणी दिलंय त्यावर ब्राउझरचा विश्वास बसत नाहीये. फायरफॉक्समध्ये शब्द वेगळे आहेत पण भानगडी ह्याच तीन. तीनही वेळा वॉर्निंगचं पान जवळजवळ सारखंच दिसतं, म्हणून लोक तिन्हीवर एकच औषध देतात, नवीन सर्टिफिकेट. ते फक्त पहिल्यावर चालतं, आणि तेही तात्पुरतं.

कोड बघून झाला की ॲड्रेस बारच्या डावीकडच्या आयकॉनवर क्लिक करून सर्टिफिकेट उघडा. क्रोमने २०२३ मध्ये तिथलं कुलूप काढून सेटिंगसारखा आयकॉन ठेवलाय, त्यामुळे कुलूप दिसत नाही म्हणजे काहीतरी बिघडलं असं समजू नका. तिथे कोणी दिलं, कधीपासून कधीपर्यंत, आणि कुठल्या कुठल्या नावांसाठी, एवढं वाचायचं. हे वाचल्याशिवाय सर्व्हरवर काहीही करू नका.

तारखेचा घोळ

इथे जरा जास्त वेळ थांबूया, कारण परत परत येणाऱ्या तक्रारी मुख्यतः इथल्याच असतात.

एकाच माणसाला वॉर्निंग येतेय आणि बाकी सगळ्यांना साइट नीट दिसतेय, तर आधी त्याच्या मशीनचं घड्याळ बघायला सांगा. जुन्या लॅपटॉपची आतली बॅटरी गेली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि मग ब्राउझरला प्रत्येक साइटचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही असं वाटतं. अशा वेळी सर्व्हरला हात लावायची काही गरज नाही.

सगळ्यांनाच येतेय आणि मुदत खरोखर संपलीय, तर खरा प्रश्न हा की ऑटो-रिन्यू का झालं नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था, तिचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, आणि ते आणून बसवणारं सर्टबॉटसारखं टूल साधारण ३० दिवस उरले की रिन्यू करायला लागतं. म्हणजे मुदत संपून वॉर्निंग आली याचा अर्थ टूल महिनाभर रोज प्रयत्न करतंय आणि रोज फेल होतंय, किंवा ते चालूच नाहीये. आधी मुदत संपत आली की लेट्स एन्क्रिप्टकडून ईमेल यायचा, तो त्यांनी ४ जून २०२५ पासून बंद केला, आणि त्या ईमेलच्या भरवशावर बसलेले बरेच जण अजून त्याची वाट बघतायत.

सर्व्हरवर ‘सर्टबॉट सर्टिफिकेट्स’ ही कमांड द्या, कुठली सर्टिफिकेटं आहेत आणि किती दिवस उरलेत ते दिसेल. मग ‘सर्टबॉट रिन्यू’ ड्राय-रन, म्हणजे नुसती चाचणी, लावून चालवा. ड्राय-रन टेस्ट सर्व्हरवर जातो म्हणून तो कितीही वेळा चालवला तरी खऱ्या लिमिटमधून काही कापलं जात नाही, आणि नेमकं कुठे अडतंय ते स्पष्ट इंग्रजीत लिहून येतं. पहिल्यांदा सगळं व्यवस्थित झालं होतं आणि आता फेल होतंय, तर मधल्या काळात काहीतरी बदललंय, ते आठवा.

बहुतेक वेळा बदललेलं असतं ते यातलं काहीतरी. कोणीतरी सिक्युरिटीसाठी म्हणून फायरवॉलमध्ये ८० पोर्ट (साध्या एचटीटीपीचा) बंद केला, आता सगळं ४४३ वर (एचटीटीपीएसच्या पोर्टवर) आहे तर ८० कशाला हवा असं वाटून, आणि एचटीटीपी पद्धतीने डोमेन तपासायचं असेल तर लेट्स एन्क्रिप्ट ८० वरच येतं, त्यामुळे रिन्यू मेलं. ८० उघडा ठेवा आणि तिथून एचटीटीपीएसवर रीडायरेक्ट करा, त्यात काही धोका नाही. किंवा साइट नव्या सर्व्हरवर हलवताना डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं त्या नोंदींमध्ये, ए रेकॉर्ड (आयपीव्ही४ चा पत्ता) बदलला पण चार ए वाला, म्हणजे आयपीव्ही६ चा रेकॉर्ड, जुन्याच सर्व्हरकडे राहिला. तुमच्या नेटवर आयपीव्ही४ असेल तर तुम्हाला साइट झकास दिसते, पण लेट्स एन्क्रिप्ट आयपीव्ही६ असला की आधी तिकडे जातं आणि भलत्याच सर्व्हरवर जाऊन पोचतं. हे कारण सापडायला भयंकर वेळ लागतो कारण स्वतःच्या ब्राउझरमध्ये काहीच चुकीचं दिसत नाही, म्हणून तो रेकॉर्ड सुरुवातीलाच तपासा.

अजून एक म्हणजे सीएए रेकॉर्ड. आमच्या डोमेनसाठी फक्त अमुक कंपनीनेच सर्टिफिकेट द्यावं असं डीएनएसमध्ये लिहून ठेवता येतं, आणि २०१७ पासून सर्टिफिकेट देणाऱ्या सगळ्यांना तो रेकॉर्ड बघणं सक्तीचं आहे. आधीच्या कोणीतरी तो एका कंपनीच्या नावाने टाकलेला असतो, तुम्ही दुसरीकडून घ्यायला जाता आणि नकार येतो. रेकॉर्ड चांगलाच आहे, काढू नका, त्यात नवीन नाव वाढवा.

आणि सगळ्यात हमखास कारण, वाइल्डकार्ड, म्हणजे नावात चांदणी (*) लावून सगळ्या सबडोमेनसाठी घेतलेलं एकच सर्टिफिकेट, हाताने काढलेलं. वाइल्डकार्ड सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट २०१८ पासून देतंय, पण त्यासाठी डीएनएसमध्ये टीएक्सटी रेकॉर्ड टाकून डोमेन आपलं आहे हे दाखवावं लागतं. लोक मॅन्युअल मोडमध्ये कमांड चालवतात, स्क्रीनवर आलेला कोड कॉपी करून डीएनएस पॅनेलमध्ये टाकतात, एंटर दाबतात, सर्टिफिकेट मिळतं आणि वाटतं झालं काम. ते काम ९० दिवसांसाठीच झालेलं असतं. रिन्यू करताना दर वेळी नवीन कोड येतो आणि तो टाकायला कोणी नसतं, त्यामुळे हे सर्टिफिकेट स्वतःहून रिन्यू होऊच शकत नाही. तुमच्याकडे दर तीन महिन्यांनी वॉर्निंग येत असेल आणि सर्टिफिकेटवर सुरुवातीला चांदणी असलेलं नाव असेल तर इतर काही शोधण्याआधी हेच बघा. उपाय दोन आहेत. डीएनएस कंपनीचं एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमने रेकॉर्ड बदलायची सोय, असेल तर त्याचा प्लगइन लावा, म्हणजे टीएक्सटी रेकॉर्ड टूलच टाकेल आणि टूलच काढेल. एपीआय नसेल तर व्हॅलिडेशनचं नाव सीनेम (एका नावावरून दुसऱ्याकडे नेणारा रेकॉर्ड) करून एपीआय असलेल्या दुसऱ्या डोमेनकडे वळवता येतं, आणि ही युक्ती खूप कमी लोक वापरतात. किंवा मग स्वतःला विचारा की वाइल्डकार्ड खरंच हवंय का, कारण सबडोमेन चारच असतील तर ती चार नावं एका साध्या सर्टिफिकेटमध्ये बसतात आणि डीएनएसची सगळी कटकटच जाते.

रिन्यू झालं तरी वॉर्निंग

सर्टबॉट म्हणतंय ६० दिवस उरलेत आणि ब्राउझर म्हणतोय मुदत संपली, दोन्ही खरं असू शकतं. एनजिनेक्स, अपाची वगैरे वेब सर्व्हर सुरू होताना सर्टिफिकेट मेमरीत घेतात आणि मग डिस्कवरची फाइल बदलली तरी रीलोड केल्याशिवाय जुनंच देत राहतात. म्हणून रिन्यूनंतर रीलोड करणारा डिप्लॉय हुक, म्हणजे रिन्यू झालं की आपोआप चालणारी कमांड, लावायचा असतो. इथे एक बारीक गोष्ट आहे, ड्राय-रनमध्ये डिप्लॉय हुक बाय डिफॉल्ट चालत नाही, म्हणजे ड्राय-रन पास झाला तरी हुक चुकलेला असू शकतो. हुकची कमांड एकदा हाताने चालवून बघा.

दुसरा प्रकार, सर्टिफिकेटच्या फायली कोणीतरी सर्टबॉटच्या फोल्डरमधून दुसरीकडे कॉपी करून ठेवल्या आणि कॉन्फिगमध्ये तो दुसरा पाथ दिला. मूळ फाइल दर वेळी बदलते, कॉपी तशीच राहते. ‘लाइव्ह’ फोल्डरमधला पाथच थेट द्या, ती शॉर्टकट फाइल असते आणि नेहमी ताज्या सर्टिफिकेटकडे बोट दाखवते. तिसरा प्रकार, लोड बॅलन्सरच्या (ट्रॅफिक वाटून देणाऱ्या मशीनच्या) मागे दोन सर्व्हर आहेत आणि एकावरच नवीन गेलंय, मग वॉर्निंग कधी येते कधी नाही, आणि रिफ्रेश केलं की जाते म्हणून कोणी गांभीर्याने घेत नाही. आणि मेल सर्व्हर विसरू नका! तेच सर्टिफिकेट पोस्टफिक्स आणि डव्हकॉट ही मेलची सॉफ्टवेअर पण वापरत असतात, वेबसाइट रीलोड झाली आणि मेल नाही, मग लोकांच्या मोबाइलमधल्या मेल ॲपमध्ये वॉर्निंग येते आणि सगळे वेबसाइट तपासत बसतात.

कंटेनर वापरणाऱ्यांसाठी खास. सर्टिफिकेटचं फोल्डर बाहेरच्या व्हॉल्यूमवर नसेल तर प्रत्येक डिप्लॉयला ते पुसलं जातं आणि नवीन मागवलं जातं. त्याच नावांच्या त्याच सेटसाठी लेट्स एन्क्रिप्ट आठवड्याला ५ सर्टिफिकेटं देतं, सहाव्या वेळी नाही म्हणतं, आणि मग तुम्ही वाट बघत बसता. वैतागून परत परत रिन्यू दाबणाऱ्यांचंही हेच होतं. दोनदा फेल झालं की थांबा आणि लॉग वाचा.

नावाचा घोळ

ब्राउझर बघतो की ॲड्रेस बारमधलं नाव सर्टिफिकेटच्या सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेमच्या यादीत आहे का. फक्त कॉमन नेममध्ये असलेलं नाव क्रोम २०१७ पासून धरतच नाही, त्यामुळे घरगुती पद्धतीने जुनी कमांड वापरून काढलेली सर्टिफिकेटं इथेच आपटतात.

नेहमीची चूक म्हणजे एक्झाम्पल डॉट कॉम साठी घेतलं आणि तीन डब्ल्यू वालं नाव राहिलं. मग लोक म्हणतात की आम्ही तर तिथून रीडायरेक्ट केलंय. रीडायरेक्ट नंतर होतं, आधी सुरक्षित कनेक्शन जुळावं लागतं आणि ते जुळतानाच ब्राउझर सर्टिफिकेट तपासतो, म्हणजे जिथून रीडायरेक्ट करताय त्या नावालाही सर्टिफिकेट लागतंच. जुनं डोमेन सोडून नव्यावर गेलेल्यांनी हे खास लक्षात ठेवा, कारण जुन्या डोमेनचं सर्टिफिकेट संपलं की जुन्या लिंकवरून येणारा प्रत्येक माणूस वॉर्निंगवर आपटतो आणि तुम्हाला कळतही नाही.

वाइल्डकार्डबद्दलचा गैरसमज पण इथलाच. चांदणी डॉट एक्झाम्पल डॉट कॉम मध्ये शॉप डॉट एक्झाम्पल डॉट कॉम बसतं, पण टेस्ट डॉट शॉप डॉट एक्झाम्पल डॉट कॉम बसत नाही, चांदणी एकाच पायरीपुरती चालते. आणि नुसतं एक्झाम्पल डॉट कॉम सुद्धा त्यात येत नाही, ते वेगळं लिहावं लागतं. बऱ्याच कंपन्या सोबत देतात म्हणून लोकांना ते त्यातच आहे असं वाटतं.

नवीन सबडोमेन उघडलं की भलत्याच साइटचं सर्टिफिकेट दिसतंय, तर सर्व्हरला ते नावच माहीत नाहीये. एकाच आयपीवर बऱ्याच साइट असतात तेव्हा ब्राउझर सुरुवातीलाच नाव सांगतो आणि सर्व्हर त्या नावाचा ब्लॉक शोधतो, सापडला नाही तर पहिला किंवा डिफॉल्ट देतो. इथे सर्टिफिकेट विकत घेऊन काहीही होणार नाही, कॉन्फिगमध्ये नाव घाला.

ऑथॉरिटीचा घोळ

याचं ठरलेलं लक्षण म्हणजे माझ्या ब्राउझरमध्ये चालतंय पण ॲपमध्ये नाही, किंवा पेमेंटवाल्यांचं वेबहुक (त्यांच्या सर्व्हरकडून आपोआप येणारा मेसेज) येत नाही, किंवा कर्ल ही कमांड एरर देते. ही अपुरी चेन. तुमचं सर्टिफिकेट थेट रूटने, म्हणजे ब्राउझर मुळातच विश्वास ठेवतो त्या सर्टिफिकेटने, सही केलेलं नसतं, मधे एक इंटरमिजिएट असतं आणि ते सर्व्हरने सोबत द्यायचं असतं. डेस्कटॉपवरचे ब्राउझर बरेचदा ते मधलं स्वतःच मिळवतात किंवा आधीच जवळ बाळगतात, कर्ल आणि बरीचशी ॲप तसं करत नाहीत. उपाय एका ओळीचा आहे, कॉन्फिगमध्ये ‘सर्ट’ नावाच्या फाइलऐवजी ‘फुलचेन’ नावाची फाइल द्या. विकत घेतलेलं असेल तर कंपनीने झिपमध्ये बंडल नावाची फाइल दिलेली असते, आधी तुमचं सर्टिफिकेट आणि त्याखाली बंडल, ह्याच क्रमाने जोडा. हाताने बसवणाऱ्यांकडे हा प्रॉब्लेम दर वेळी परत येतो, कारण बंडल जोडायचं कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि जुनं बंडल नव्याला चालेलच असं नाही कारण कंपन्या इंटरमिजिएट बदलत असतात.

फक्त जुन्या मोबाइलवर येतंय तर त्यांच्याकडे नवीन रूट नसणार. ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स३ संपलं तेव्हा जगभर जुनी उपकरणं आणि जुनी सर्व्हर सॉफ्टवेअर अशीच अडकली होती, साइटच्या मालकांनी सर्टिफिकेट बदलून बदलून बघितलं आणि दोष समोरच्या मशीनमधल्या रूटच्या यादीत होता. फक्त एखाद्या ऑफिसच्या नेटवर येत असेल तर तिथला प्रॉक्सी किंवा अँटीव्हायरस मधे स्वतःचं सर्टिफिकेट घालतोय का बघा, सर्टिफिकेट उघडल्यावर ‘कोणी दिलं’ मध्ये त्याचंच नाव दिसेल.

मग घ्यायचं कुठलं

आता प्रकार. इथे दोन वेगळे प्रश्न लोक एकत्र करतात. एक म्हणजे तुमची तपासणी किती खोल करायची, आणि दुसरा म्हणजे किती नावं बसवायची.

तपासणीचे तीन प्रकार. डीव्हीमध्ये (डोमेन व्हॅलिडेशन) फक्त डोमेन तुमच्या ताब्यात आहे एवढंच बघतात, काही मिनिटांत मिळतं. ओव्हीमध्ये (ऑर्गनायझेशन व्हॅलिडेशन) संस्था खरी आहे का, नोंदणी आहे का हे बघतात आणि संस्थेचं नाव सर्टिफिकेटमध्ये छापतात. ईव्हीमध्ये (एक्स्टेंडेड व्हॅलिडेशन) तेच अजून कडक नियमांनी. आणि एन्क्रिप्शन? तिन्हीत सारखंच. ईव्ही घेतलं म्हणून पासवर्ड जास्त सुरक्षित जात नाही, एन्क्रिप्शन किती भक्कम हे सर्व्हरच्या सेटिंगवर आणि सर्टिफिकेटच्या गुप्त किल्लीवर, म्हणजे प्रायव्हेट की वर, ठरतं. हे विकणारे सांगत नाहीत आणि मला त्याचा खरंच राग येतो, कारण छोटी दुकानं, संस्था चालवणारे लोक घाबरून महागडं घेतात.

ईव्हीचा एक फायदा पूर्वी होता, ॲड्रेस बारमध्ये हिरव्या अक्षरात कंपनीचं नाव दिसायचं. क्रोमने आवृत्ती ७७ आणि फायरफॉक्सने आवृत्ती ७० मध्ये, दोघांनीही २०१९ लाच, ते काढून टाकलं. आता ईव्ही आणि डीव्ही असलेली साइट शेजारी ठेवली तर ॲड्रेस बार बघून फरक सांगता येत नाही, आत क्लिक करून बघावं लागतं आणि तेवढं कोणी करत नाही. उलट बाजूनेही हे लक्षात घ्या, फसवणाऱ्या साइटसुद्धा डीव्ही सर्टिफिकेट घेतात, त्यामुळे कनेक्शन सुरक्षित आहे याचा अर्थ समोरचा माणूस प्रामाणिक आहे असा होत नाही.

मग ओव्ही-ईव्ही कोणी घ्यावं? जिथे करारात, ऑडिटमध्ये किंवा एखाद्या नियमात तसं लिहूनच दिलंय त्यांनी. तो कागद मागून घ्या आणि वाचा, कारण बरेचदा तिथे ‘व्हॅलिड टीएलएस सर्टिफिकेट’ एवढंच लिहिलेलं असतं आणि बाकीचं कोणीतरी तोंडी वाढवलेलं असतं. बाकी साइट, ब्लॉग, दुकान, ॲपचं एपीआय, सगळ्यांना डीव्ही पुरतं.

नावांचं बोलायचं तर एक साइट असेल तर साधं, दोन नावांचं. ठराविक चार-दहा सबडोमेन किंवा वेगवेगळी डोमेन एकाच सर्व्हरवर असतील तर मल्टीडोमेन, लेट्स एन्क्रिप्टच्या नेहमीच्या सर्टिफिकेटमध्ये १०० पर्यंत नावं मावतात. पण असंबंधित ग्राहकांची डोमेन एकात कोंबू नका, यादी सगळ्यांना दिसते आणि एक डोमेन बंद पडलं की अख्ख्याचं रिन्यू अडतं, हे पण परत परत येणाऱ्या वॉर्निंगचं एक लपलेलं कारण आहे. वाइल्डकार्ड तेव्हाच घ्या जेव्हा सबडोमेन सतत नवीन तयार होतात, म्हणजे प्रत्येक ग्राहकाला स्वतःचं सबडोमेन मिळतं असं काही. त्याचा धोका असा की एकच प्रायव्हेट की दहा सर्व्हरवर फिरते आणि त्यातला सगळ्यात दुर्लक्षित टेस्ट सर्व्हर फुटला की सगळ्याच सबडोमेनची की गेली. मी तरी प्रत्येक सर्व्हरला वेगळं साधं सर्टिफिकेट याच बाजूचा आहे, ऑटोमॅटिक असेल तर वीस सर्टिफिकेटं सांभाळायला एकापेक्षा जास्त कष्ट पडत नाहीत.

ऑफिसच्या आतल्या, बाहेरून न दिसणाऱ्या सर्व्हरसाठी, ज्यांचं नाव डॉट लोकल वगैरे असतं, बाहेरच्या कोणाकडूनही सर्टिफिकेट मिळणार नाही. तिथे स्वतःची छोटी ऑथॉरिटी करून तिचं रूट आपल्या मशीनवर टाका, किंवा खऱ्या डोमेनचं सबडोमेन आतल्या सर्व्हरला देऊन डीएनएस पद्धतीने डीव्ही घ्या. दुसरं जास्त सोपं पडतं. नुसतं सेल्फ-साइन्ड लावून सगळ्यांना ‘ॲडव्हान्स्डवर क्लिक करून पुढे जा’ असं शिकवू नका, तीच सवय घेऊन ते उद्या खऱ्या फसव्या साइटवरही पुढे जातील.

पुढे मोबाइलसाठी किंवा वेगासाठी सीडीएन, म्हणजे लोक आणि तुमचा सर्व्हर यांच्या मधे बसणारी सेवा, लावला असेल तर सर्टिफिकेट दोन ठिकाणी असतं, लोकांपासून सीडीएनपर्यंत एक आणि सीडीएनपासून तुमच्या सर्व्हरपर्यंत दुसरं. ब्राउझरमध्ये दिसतं ते पहिलं. दुसरं संपलं की क्लाउडफ्लेअरसारख्या ठिकाणी ५२६ एरर येऊ शकतो आणि ब्राउझरमधलं सर्टिफिकेट मात्र छान दिसतं. तिथे फ्लेक्सिबल मोड लावून सुटका करून घेऊ नका, त्यात दुसरा टप्पा उघडाच राहतो, आणि तुमचा सर्व्हर एचटीटीपीएसकडे रीडायरेक्ट करत असेल तर साइट गोल गोल फिरत राहते.

हाताने करायचे दिवस संपत आलेत

हे सगळं आत्ताच का नीट करायचं तर मुदती कमी होतायत. २०२० पासून सर्टिफिकेट जास्तीत जास्त ३९८ दिवसांचं मिळायचं. ब्राउझरवाले आणि सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्या यांच्या सीए-ब्राउझर फोरमने एप्रिल २०२५ मध्ये नवीन वेळापत्रक मंजूर केलं, १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. विकतचं असो की फुकटचं, डीव्ही असो की ईव्ही, सगळ्यांना हेच. लेट्स एन्क्रिप्टनेही २०२८ पर्यंत ४५ दिवसांवर यायचं जाहीर केलंय. म्हणजे वर्षाचे पैसे भरून निवांत बसायची सोय राहिलेली नाही, पैसे वर्षाचे भरले तरी फाइल मधे बदलावी लागेल. वर्षातून एकदा हाताने बसवताना जी बंडलची आणि रीलोडची चूक एकदा व्हायची ती ४७ दिवसांच्या हिशोबाने आठ वेळा व्हायची संधी आहे.

म्हणून विकतचं घेणार असाल तर विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, ॲकमीने, म्हणजे सर्टबॉट वापरतं त्या पद्धतीने, ऑटोमॅटिक रिन्यू होतं का? बऱ्याच मोठ्या कंपन्या आता ते देतात. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा, किंमत नंतर बघा.

आणि ऑटोमॅटिक केलं तरी लक्ष ठेवणारं काहीतरी वेगळं हवं, तेही बाहेरून बघणारं. सर्व्हरवरची फाइल तपासणारी स्क्रिप्ट उपयोगाची नाही कारण वर सांगितलं तसं फाइल नवी आणि मेमरीत जुनं असू शकतं. ओपनएसएसएलच्या ‘एस क्लायंट’ कमांडला सर्व्हरचं नाव देऊन ४४३ पोर्टवर विचारा म्हणजे जगाला नेमकं काय दिसतंय ते कळेल, मेलचे पोर्टही तसेच तपासा. अलर्ट दिवसांवर लावलेला असेल तर मुदतीच्या हिशोबाने बदला, ९० दिवसांच्या सर्टिफिकेटला २० दिवस उरलेत हा चांगला अलर्ट आहे, कारण तोपर्यंत रिन्यू दहा दिवसांपूर्वीच व्हायला हवं होतं, पण ४७ दिवसांच्याला तोच आकडा चुकीच्या वेळी ओरडू शकतो, त्यामुळे एकूण मुदतीच्या पाव भागापेक्षा कमी उरलं की ओरड असं लावलेलं बरं. तुमच्या डोमेनवर आजवर कुठकुठली सर्टिफिकेटं निघालीत हे सीआरटी डॉट एसएच वर नाव टाकून कोणालाही बघता येतं, विसरलेली सबडोमेन तिथे हमखास सापडतात.

एचएसटीएस, म्हणजे ही साइट फक्त एचटीटीपीएसवरच उघड असं ब्राउझरला बजावणं, लावायचं असेल तर हे सगळं महिना-दोन महिने सुरळीत चालल्यावर लावा. ते लावलं की वॉर्निंगवर ‘पुढे जा’ हा पर्यायच दिसत नाही, आणि सगळ्या सबडोमेनसकट वर्षभराचं लावून बसलात तर एखाद्या जुन्या सबडोमेनला सर्टिफिकेट नसेल ते साइटवर येऊन गेलेल्या लोकांसाठी बंदच होईल. आधी पाच मिनिटांची मुदत देऊन बघा, मग आठवडा, मग वाढवा.

होस्टिंगवाल्यांकडे तक्रार करणार असाल तर नुसतं ‘एसएसएल चालत नाही’ असं लिहू नका. एररचा पूर्ण कोड, ॲड्रेस बारमधलं पूर्ण नाव, सर्टिफिकेटवरची शेवटची तारीख आणि कोणी दिलंय ते, सगळ्यांना येतंय की काहींनाच, आणि मधे सीडीएन आहे का, एवढ्या गोष्टी पहिल्याच मेसेजमध्ये द्या. प्रायव्हेट की मात्र कोणालाही पाठवू नका, सपोर्टने मागितली तरी नाही. आधीच कुठे ईमेलने गेली असेल तर ते सर्टिफिकेट रिव्होक (रद्द) करून नवीन की वर नवीन काढून घ्या, जुनी की ठेवून नुसतं रिन्यू केलं तर की फुटलेलीच राहते.